डाव्या हाताची नाडी

आधी स्नेहलताईंचं नाव लिहिते, मग बाकीचं. त्या नसत्या तर लोकांनी मला वेडी ठरवलं असतं, आणि मीही ते मान्य केलं असतं.

मी मूळची हिंगोलीकडची. शाळा सातवीत सुटली. आता डोंबिवलीत एका नर्सिंग कॉलेजात साफसफाईचं काम करते. या पेजवरचे लोकांचे अनुभव मी फोनवर वाचायचे आणि मनात म्हणायचे, रिकामे लोक आहेत. अंगात येणं, भानामती... गावाकडे ढीगभर पाहिलंय, सगळं ढोंगच वाटायचं. म्हणून लिहायला इतका उशीर केला.

आमच्या कॉलेजात एमएस्सीच्या मुली असतात. आधीच नर्स झालेल्या, आता दुसऱ्यांना शिकवायचं कसं ते शिकतात. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकीला दुसऱ्या वर्षाची एक मेंटॉर देतात — मोठी बहीणच म्हणा. स्नेहलताईंकडे निकिता होती. नाडी कशी बघायची हे वर्गापुढे शिकवायचं होतं तिला, त्याचा सराव दुपारी लॅबमध्ये चालायचा. पुतळ्याला नाडी नसते, म्हणून पेशंट मी.

"मावशी, हलू नका," निकिता म्हणायची. "पेशंट आहात तुम्ही."

"पेशंटला चहा देतात का हो?"

"आधी बऱ्या व्हा."

निकिता माझा डावा हात धरायची, ताई उजवा. दोघींनी एकदम मोजायचं आणि आकडा जुळला पाहिजे, अशी त्यांची पद्धत. तो जुळेचना. निकिताचा नेहमी कमी यायचा. मध्येच ठोका चुकतोय म्हणायची.

"अगं, बीएस्सी झालीस ना तू? वॉर्डात काय करायचीस मग?" ताई एकदा वैतागून बोलल्या.

निकिता रडायलाच लागली. "मला नाही जमत. मी सोडते हे सगळं."

ताईंना वाईट वाटलं असणार. तिला बाजूला बसवून त्यांनी स्वतः माझा डावा हात धरला. मग उजवा. मग दोन्ही एकदम... आणि पुन्हा पहिल्यापासून.

"निकी, सॉरी," त्या म्हणाल्या. "तू बरोबर मोजत होतीस."

शेजारच्या हॉस्पिटलात माझा ईसीजी काढला. चांगला आला. एका माणसाला हृदय एकच, मग दोन हातांत ठोके वेगळे कसे असतील, असं म्हणून डॉक्टर हसले. ताई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "मावशी, घरी कोणाला हार्टचा त्रास आहे?"

माझी माय. दम लागायचा तिला, बसूनच झोपायची. दादा म्हणायचा, वय झालंय.

ताईंनी माझ्याच फोनवरून गावाला फोन लावला, स्पीकरवर. वैनीला म्हणाल्या, "आजींच्या मनगटावर बोटं ठेवा. ठोका लागला की 'हं' म्हणा."

"आता फोनवरून बी तपासता का?" वैनी हसली. पण तिने हात धरला. "हं... हं... हं... थांबली बघा... हं."

ताईंची बोटं माझ्या डाव्या मनगटावर होती. ठोका लागेल तसं त्या दुसऱ्या हाताचं बोट टेबलावर आपटत होत्या. वैनीचं 'हं' आणि ते बोट एकदम पडत होतं. थांबलं तेही एकदम. निकिता उठून भिंतीला टेकून उभी राहिली.

हाताबद्दल दादाला ताई काहीच बोलल्या नाहीत. नर्स म्हणून नीट समजावलं, तेव्हा त्याने मायला नांदेडला नेलं. हृदयाची झडप खराब होती, ऑपरेशन सोसणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. दादा म्हणाला, "बघायचं असेल तर ये."

प्रिन्सिपल मॅडमकडे माझी रजाही ताईंनीच मागितली. नांदेडची ट्रॅव्हल्स शीळफाट्याला पकडायची होती. ताई रिक्षात सोबत आल्या, माझा डावा हात धरून. पुढे नेहमीसारखा ट्रॅफिक. मला फक्त माय जिवंत भेटायला पाहिजे होती. मी सारखं विचारत होते, "आहे ना ताई?"

"आहे. हळू आहे, पण आहे."

मग पुन्हा एकदा विचारलं. त्यांची बोटं मनगटावरून सरकली आणि त्यांनी माझा तळवा घट्ट धरला.

दादाचा फोन नंतर आला. तो ताईंनी घेतला.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

आता दोन्ही हातांत ठोका सारखा आहे. असं का झालं, मला अजून कळलेलं नाही, ताईंनाही नाही. बरं झालं मावशी, सुटलात, असं निकिता म्हणते. मला नाही वाटत तसं. ती बिघडलेली नाडी होती तोवर माय माझ्या हातात होती. आता फरशी पुसताना मध्येच थांबून डावं मनगट दाबून बघते. माझाच ठोका लागतो.

निकिताने कॉलेज सोडलं नाही. स्नेहलताई माजिवड्याकडे नोकरीला लागल्या. ताई, तुम्ही हे वाचाल की नाही, माहीत नाही. पण तुमच्या घरातलं कोणी असं जायला लागलं तर मला बोलवा, मी कुठेही असले तरी येईन. मला मोजता येत नाही. पण तुमचा हात धरून बसेन, आणि सांगायची वेळ आली तर तुमच्यासारखंच... तोंडाने सांगणार नाही.