शेवंताबाईचं पास झालेलं पाणी

शेवंताबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उठली की ती मुलाची जुनी सायकल भिंतीपासून काढायची, कॅरेजला रिकामा जार ट्यूबनं आवळून बांधायची आणि पाण्याला निघायची. सायकलवर ती बसत नसे, कारण चालवता येत नव्हती. सायकल ही तिची ढकलगाडी होती. पलीकडच्या गावात मशिनमध्ये कॉइन टाकलं की फिल्टरचं पाणी मिळतं. तिथून भरलेला जार ढकलत ती उजाडायच्या आत घरी यायची. मग भाकरी, आणि मग बायकांची टोळी घेऊन कांद्यात खुरपायला. गुडघे दोन्ही गेलेले. पण टोळीतली कुणी बाई ओळीत मागं राहिली तर शेवंताबाई तिला तोंडानं पुढं ढकलायची.

आमची वस्ती वडगाव रासाईच्या अंगाला, भीमेच्या काठी. समोर नदी, रानात विहिरी, आणि प्यायचं पाणी सायकलवर. शेवंताबाईची विहीर तिच्या नवऱ्यानं खोदली, सोपानरावानं. म्हणजे खोदली आम्ही. क्रेनवर मी होतो. पण सोपानराव रोज खाली उतरून आमच्या बरोबरीनं सुरुंगाचा दगड भरायचा, म्हणून त्यानं खोदली असं म्हणतो. मालक काठावर उभा राहून बोट दाखवतो ती विहीर त्याची असते, त्यानं खोदलेली नसते.

तेव्हा पाणी गोड होतं. सोपानराव गेला आणि पुढं पाणी मचूळ होत गेलं. आता त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दूध घातलं की चहा फाटतो. सगळ्या वस्तीच्या विहिरींची हीच गत. शेवंताबाई मात्र हे बाहेरच्या माणसाला कधी सांगत नसे. विहिरीचं कुणी विचारलं तर म्हणायची, "हाय की. भरलीया."

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका विद्यापीठाची पोरं-पोरी शिबिराला आली. मुक्काम शाळेत. सकाळी श्रमदान, दुपारनंतर अभ्यास. अभ्यासाचा विषय आमचं पाणी. त्यांच्या सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना शाळेपुढं बसवून सांगितलं, "नदीच्या दोन्ही काठांच्या चार वस्त्या आपण घेतल्यात. हे काम आमचं एकट्याचं नाही, तुमचं आणि आमचं मिळून आहे. नमुने तुम्हीच भरायचे. निकाल लागला की त्याप्रमाणे एका वस्तीला शुद्धीकरणाचं मशिन बसेल."

निकाल म्हटलं की नंबर आला, आणि नंबर म्हटलं की बक्षीस. आमच्या भागात दुसरं काही कुणाला माहीत नाही. स्वच्छतेच्या स्पर्धेला समिती यायची असली की आदल्या दिवशी भिंती रंगवायच्या आणि गुरं दुसऱ्याच्या वस्तीवर नेऊन बांधायची. बापूसाहेब आमचे माजी सरपंच. त्यांनी याच पद्धतीनं दोन ढाली आणल्यात. सर बसल्यावर ते उठले आणि म्हणाले, "पहिला नंबर आपलाच आला पायजे. बाकी मला म्हाईत न्हाई."

शेवंताबाई माझ्या शेजारी बसली होती. गुडघा चोळत म्हणाली, "मशिन दारात आलं तर माझी सायकल सुटंल, दादा."

सकाळचं श्रमदान मी रोज बघायला जायचो. शाळेमागं शोषखड्डा खणायचा होता. पहिल्या दिवशी कुदळ कमी चालली, मोबाइल जास्त. पोरं माती खोऱ्यानं ओढण्याऐवजी उचलत होती, त्यामुळं कमरा धरल्या. दुसऱ्या दिवशी हाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी फोड फुटले आणि खड्डा निघायला लागला. खोटं कशाला बोलू, खड्ड्याच्या बाजू सरळ होत्या.

प्रांजल नावाची एक पोरगी होती, दौंडची. तिच्या हाताला फडकं बांधताना शेवंताबाईनं विचारलं, "दिवसाची हजेरी काय पडती गं तुला, किती रुपयं?"

"हजेरी नाही मावशी. क्रेडिट मिळतात."

"ते काय आसतं?"

शेवंताबाईची सून सुवर्णा तिथंच होती. लग्नाआधी ती सणसवाडीला कंपनीत होती, त्यामुळं इंग्रजी तिच्याकडं. ती म्हणाली, "क्रेडिट म्हंजी उधारी, आत्या."

"आगं बया! म्हंजी राबून घेत्यात आन् पैसं मागनं देत्यात?"

"पैसे देतच नाहीत," प्रांजल म्हणाली. "उलट आम्हीच फी भरतो."

शेवंताबाईनं फडक्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. म्हणाली, "दुपारची जेवायला माझ्याकडं ये."

चौथ्या दिवशी संध्याकाळी पोरांनी दारोदार बाटल्या वाटल्या. प्रांजलनं शेवंताबाईला बाटली दिली आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, "मावशी, बाटली स्वच्छ धुवायची, पाणी व्यवस्थित भरायचं. सकाळी आम्ही नमुना न्यायला येऊ."

सुवर्णा चुलीपाशी पुटपुटली, "नमुना आमच्यात एकच हाय. तुमच्याशी बोलत उभा हाय."

प्रांजल गेली आणि शेवंताबाई कामाला लागली. तिनं टोळीतल्या सगळ्या बायकांना अंगणात बोलावलं. "इहिरीचं पाणी कुणी भरायचं न्हाई. वस्तीचं नाक जाईल. जारचं भरा. जार नसंल तर माझ्यातलं घ्या." टोळीतली ताईबाई म्हणाली, "पर ही लबाडी न्हवं का?" शेवंताबाई म्हणाली, "पाव्हण्यांनी पाणी मागितलं तर तू काय इहिरीचं देतीस का? मग? आता बी पाव्हण्यांनीच मागितलंय."

ताईबाईनं आपली बाटली जाराखाली धरली.

स्वतःच्या बाटलीवर शेवंताबाईनं जेवढी मेहनत घेतली तेवढी लोक लग्नाच्या पंगतीवर घेत नाहीत. जारचं पाणी घासलेल्या पातेल्यात उकळलं. निवू दिलं. त्यात तुरटी फिरवली. नव्या मलमलीतून गाळलं. वर, वास चांगला यावा म्हणून वाळ्याची जुडी बुडवून ठेवली. सकाळी बाटली उन्हात धरून बघितली, एक कण दिसला म्हणून ओतून परत गाळून भरली. काम चुकीचं होतं, पण काम म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी निकाल लागला. सगळी वस्ती शाळेपुढं. बापूसाहेबांनी हाराची पिशवी आणली होती. सर म्हणाले, "एक आनंदाची बातमी. चारही वस्त्यांत तुमचं पाणी सर्वांत शुद्ध निघालं. खरं सांगायचं तर पुण्यात माझ्या घरी येतं त्यापेक्षाही शुद्ध."

टाळ्या पडल्या. शेवंताबाईनं पदर नीट केला.

"त्यातही शेवंताबाईंचा नमुना अव्वल."

पुन्हा टाळ्या. बापूसाहेबांनी हार बाहेर काढला.

"त्यामुळं," सर म्हणाले, "मशिनची गरज तुम्हाला नाही. ते आपण नदीपलीकडं, दौंडच्या बाजूच्या वस्तीला देतोय. त्यांचं पाणी फारच वाईट आहे."

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजी नापास व्हायचं व्हतं व्हय?" बापूसाहेबांनी हार परत पिशवीत घातला.

सगळ्या बायका शेवंताबाईकडं बघायला लागल्या. ती दोन्हीकडून अडकली होती. खरं सांगावं तर सोपानरावाच्या विहिरीला गावापुढं वाईट म्हणावं लागणार, आणि गप्प बसावं तर वस्तीचं मशिन जाणार. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "सर, निघायच्या आधी माझ्याकडं चहाला या."

सर, प्रांजल आणि आणखी दोघं-तिघं तिच्या ओसरीवर बसले. वस्ती दारात उभी राहिली. आत शेवंताबाईनं सुवर्णापुढं कळशी ठेवली. सुवर्णा हळूच म्हणाली, "आत्या, ही इहिरीची हाय."

"ठावं हाय. त्याचाच कर."

"पाव्हण्यांना?"

सुवर्णाचा हात पुढं होईना. शेवंताबाईनं स्वतः पाणी ओतलं. दूध घातल्याबरोबर चहा फाटला. तसाच कपात ओतून तिनं बाहेर आणला.

सरांनी घोट घेतला. सगळी वस्ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. सरांनी तो गिळला आणि म्हणाले, "वा. छान झालाय. आलं घातलंय का?"

"न्हाई," शेवंताबाई म्हणाली. "नीट प्या की."

सरांनी नीट प्यायला. अख्खा कप संपवला. माणूस संस्कारी. शेवंताबाईनं दुसरा कप भरून पुढं केला. सर म्हणाले, "अर्धा चालेल," आणि तोही पिऊ लागले. शेवंताबाई माझ्याकडं बघायला लागली. आता या माणसाला कसं सांगायचं, ते तिला कळेना.

तेवढ्यात प्रांजलनं पहिला घोट घेतला आणि पळत जाऊन मोरीत थुंकला. "मावशी! साखर समजून मीठ टाकलंय तुम्ही!"

"मीठ न्हाई गं बाई. आमच्या इहिरीचं पाणीच हाय तसलं."

सरांचा कप तोंडाशी थांबला. "पण तुमचा नमुना?"

"त्यो जारचा. उकळून, गाळून, वाळा घालून. समद्या वस्तीनं जारचंच भरलंय, मी सांगितलं म्हणून."

"अहो, पण का?"

"पयला नंबर यावा म्हणून."

सरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तुमच्या पाण्याला वाळ्याचा वास कुठून येतो, यावर मी काल रात्री दोन पानं लिहिलीत हो." मग ते हसायला लागले, पोरं हसली, वस्ती हसली. शेवंताबाई तेवढी हसली नाही. ती कप गोळा करत होती.

शिबिर एक दिवसानं वाढलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी ठरवलं, की पाणी आपण स्वतः शेंदायचं. पण वस्तीला आता नापास व्हायची घाई झाली होती. ताईबाई पदराखालून मुठीतलं काहीतरी बादलीत टाकताना शेवंताबाईनं तिचं मनगट धरलं.

"काय गं ते?"

"मीठ. नक्की नापास व्हावं म्हणून."

"टाक बाहेर. आधी लबाडी केली त्याची शिक्षा अजून संपली न्हाई, आन् तुझी नवी सुरू. हाय तसंच पुरं हाय, नापास व्हतंय."

झालं. वस्ती सपशेल नापास झाली, पलीकडच्या वस्तीपेक्षाही वाईट. सरांनी पत्रव्यवहार करून, खेटे घालून दोन्ही वस्त्यांना मशिन मिळवलं. यात त्यांचे चार महिने गेले. आमचं मशिन शाळेच्या भिंतीला बसलं. बापूसाहेबांनी तोच प्लास्टिकचा हार, नवा म्हणून, मशिनला घातला.

मशिन बसवायला आलेल्या शिबिरातल्या पोरांनी जाताना वस्तीच्या प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं लिहिलं, 'पिण्यास अयोग्य'. नियमच आहे तसा. शेवंताबाई आपल्या विहिरीपाशी उभी राहून अक्षर अक्षर लावत होती. प्रांजलला म्हणाली, "दुसरा काई शब्द न्हाई का?"

"नाही हो मावशी. असंच लिहावं लागतं."

उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या तेव्हा ती माझ्याकडं आली. "दादा, सध्या क्रेन कुणाची हाय?"

"कशाला?"

"इहिरीचा गाळ काढायचा हाय."

मी सांगितलं, "गाळ काढून पाणी गोड होत नाही. खार जमिनीतनं येतो. आणि मशिन तर दारात आहे."

"मला कळतं त्ये. आमचं मालक दर दोन सालाला गाळ काढायचं. त्यांच्या मागं मी एकदा बी न्हाई काढला. पाण्याचं काय व्हायचं ते व्हवू दे."

मी क्रेन बघून दिली. गडी मी निवडले, आणि काठावर मी बसलो, कारण हल्लीची पोरं कोपऱ्यातला गाळ सोडून वर येतात. शेवंताबाई रोज दुपारी खुरपं ठेवून बघायला यायची आणि माझ्याआधी तिलाच कोपरा दिसायचा. खडक लागेपर्यंत गाळ निघाला. ढासळलेला कठडा नव्यानं बांधला, आणि पोरांचा लाल शब्द त्यावर तिनं स्वतः उभं राहून परत लिहून घेतला. क्रेन, गडी आणि कठड्याचं सिमेंट, यात तिची त्या हंगामातली कांदा खुरपणीची आणि काढणीची सगळी मजुरी गेली.