बावखलासाठी विरोधी पक्षनेत्यांकडे

परवा फोनवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, निवडणूक हरलेल्यांच्या पुढाऱ्याला सरकार गाडी आणि बंगला का देतं?" थोरलीने मागून पुस्ती जोडली, की सध्या आपल्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी आहे, तरी कामकाज चाललंच आहे, मग अडलं कुठे? मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं उत्तर दिलं. सरकारला जाब विचारायला कोणीतरी हवं, म्हणून त्याला मंत्र्याचा दर्जा, वगैरे. उत्तर चुकीचं नव्हतं. पण मला स्वतःला ते पुस्तकातून कळलेलं नाही, म्हणून आज सवडीने लिहिते आहे.

सांडोरला माझ्या माहेरच्या वाडीत जे खोल तळं तुम्ही पाहिलंत, बेडूक मोजत ज्याच्या काठावर बसला होतात, ते बावखल. आपल्या भागात पूर्वी प्रत्येक वाडीत एक असायचं. खाडी एवढी जवळ, तरी त्याचं पाणी गोडं राहतं. तुमच्या मामाआजोबांची केळी, दुधी, पडवळ, अळू, सगळं त्या पाण्यावर. बोअरचं पाणी तिथे खारट लागतं, त्यावर केळ जगत नाही. त्यामुळे काही वर्षांपूर्वी नव्या रस्त्याची रेघ आराखड्यात थेट बावखलावरून गेली, तेव्हा आम्हाला समजावून सांगायची कोणाला गरज नव्हती. बावखल बुजलं की वाडी संपली.

मी घरात एकटी इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे माणिकपूरच्या शाळेत इंग्रजीच शिकवत राहिलेली. कागद इंग्रजीत असला की साहेब सरळ बसून वाचतो, ही आमच्या घरची जुनी समजूत. तेव्हा निवेदन माझ्याकडे आलं. तीन पानं, मुद्द्यांना क्रमांक, समासही एकसारखे. ते घेऊन आम्ही कचेऱ्यांत गेलो, सत्तेतल्या माणसांकडे गेलो. सगळे गोड बोलले. मग कोणीतरी सुचवलं, विरोधी पक्षनेते माणिकपुरात एकांच्या घरी येणार आहेत, त्यांना भेटा.

भावाला, म्हणजे तुमच्या मामाआजोबांना, ते पटेना. "आपण त्यांना कधी मत दिलं नाही. कुठल्या तोंडाने जायचं?"

वहिनी भाजीच्या जुड्या बांधत होती. आमच्या घरच्या बोलीत ती जे म्हणाली ते तुम्हाला वाचता यावं म्हणून साध्या मराठीत लिहिते. "रडायला तेच तोंड चालतं. ज्यांना मत दिलं त्यांच्यापुढे रडून झालं ना?"

गेलो. त्या घराच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बरीच माणसं बसली होती. भावाने केळ्यांची फणी आणि सोनचाफ्याची फुलं नेली होती. ती विरोधी पक्षनेत्यांनी बाजूला ठेवली आणि माझी तिन्ही पानं शांतपणे वाचली.

"इंग्रजी छान आहे, बाई. शाळेत शिकवत होतात?"

"हो."

"मग आता तुम्ही मंत्री व्हा. मी सभागृहात उभा राहून विचारतो, हे बावखल का बुजवता? द्या उत्तर."

मी म्हटलं, "आम्ही तर विरोधात आलोय. उत्तर मंत्री देतील."

"देतील ना. पण ते उत्तर मी तिथे पहिल्यांदा ऐकलं, तर मी खाली बसतो, आणि माझ्याबरोबर तुमचं बावखलही बसतं."

मी शिक्षिका. वर्गात दोन्ही बाजूंनी वाद घालून दाखवायची सवय. उभी राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, पलीकडच्या आळीत आजही रुग्णवाहिका जात नाही. गेल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत उचलून आणावं लागलं. एका कुटुंबाच्या तळ्यासाठी सबंध आळीने किती वर्षं थांबायचं? जमिनीचा मोबदला आम्ही देऊच."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाईंना तिकीट द्या!" सगळे हसले. भाऊ तेवढा हसला नाही. "ताई, तू आलीस कोणाकडून?"

विरोधी पक्षनेतेही हसले नव्हते. त्यांनी भावाकडे वळून विचारलं, "बाळंतिणीचं खरं आहे?"

भाऊ म्हणाला, "खरं आहे. खुर्चीचा एक पाय मीच धरला होता."

"मग मी रस्ता नको म्हणू शकत नाही. नुसतं 'नको' घेऊन उभा राहिलो, तर मंत्री त्या बाईला पुढे करतील, आणि बरोबरच करतील. रस्ता कुठून जाऊ द्यायचा, ते सांगा."

"ते तर सरकारने बघायचं."

"सरकारने एक रेघ ओढलीय. दुसरी कोणाकडे आहे?"

एवढ्यात पुढची माणसं आत आली. आम्ही उठलो.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. दुसरी रेघ कुठून जाऊ शकते ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बावखलाला वळसा घालायचा तर तो आमच्याच वाडीच्या पूर्वेच्या कुंपणालगत, आमच्या वडिलांनी आयुष्यभर शेणखत घालून काळी केलेल्या जमिनीतून. सगळ्यात चांगली केळी तिथे लागत. माझ्या तीन पानांत त्या पट्ट्याचा उल्लेख नव्हता. मला तो सुचलाच नव्हता, किंवा सुचू दिला नव्हता.

घरी वहिनीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तक्रार करायला गेलात आणि जमीन देऊन आलात?"

"अजून दिली नाही," भाऊ म्हणाला. दोन दिवस तो पूर्वेच्या कुंपणाशी उगाच काहीतरी करत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "ताई, नवा कागद लिही. मराठीत लिही. पट्टा आम्ही देतो म्हण. पाणी राहिलं तर बाकीची वाडी तरी उभी राहील."

तो कागद मी विरोधी पक्षनेत्यांकडे पोचवला. पुढच्या अधिवेशनात आम्ही तिघं मोबाईलभोवती बसून त्यांचं भाषण ऐकत होतो. बावखलाची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी रस्त्याची बाजू मांडली. रुग्णवाहिका, आळी, बाळंतीण, सगळं.

"हा तर त्यांच्याच बाजूने बोलतोय!" भाऊ ओरडला.

मग त्यांनी विचारलं, कुटुंब स्वतःची जमीन देऊन रस्त्याला वळण देतंय, तरी गोडं पाणी बुजवायचं कारण काय? मंत्री उठले, चाचपडले, आणि म्हणाले, तपासून घेऊ. विरोधी पक्षनेते पुढच्या विषयाकडे वळले.

"एवढंच?" भाऊ म्हणाला. "बाकसुद्धा वाजवलं नाही."

पण मला वाटतं, मंत्र्यांना 'नाही' म्हणायला जागाच उरली नव्हती, ती त्या हॉलमध्येच संपली होती. सगळे विरोधी पक्षनेते असे असतात, असं मी म्हणणार नाही. नुसते ओरडणारेही मी पाहिले आहेत. यांचा पक्ष कोणता ते मुद्दाम लिहीत नाही, आणि पुढच्या निवडणुकीत भावाने मत कोणाला दिलं ते मी विचारलेलं नाही. पण त्या खुर्चीवर बसणाऱ्याला सरकारच्या मनातलं उत्तर सरकारच्या आधी शोधावं लागतं, आणि ते शोधताना आपल्याच माणसांना नको असलेलं विचारावं लागतं. ती खुर्ची रिकामी असली तर कामकाज अडत नाही, हे थोरलीचं खरं. फक्त आमच्यासारखे लोक आपली तीन पानं घेऊन घरीच बसतात, आणि त्यांना ती पुरेशी वाटतात.

रस्ता वळला. मशीन यायच्या आधी भावाने पूर्वेच्या पट्ट्यातली केळ स्वतःच्या कोयत्याने तोडली. घड कोवळे होते. केळफुलं आळीत वाटली, त्या बाळंतिणीच्या घरीही दिली. रस्ता झाल्यावर वळणावर फलक लागला, त्यावर मंत्र्यांचा हसरा फोटो आणि आभार.

भाऊ फलकासमोर उभा राहून चिडला. "विरोधी पक्षनेत्यांचं नाव कुठेच नाही. निदान एका ओळीत तरी टाकायचं."

वहिनी कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "टाकलं असतं तर रस्ता परत सरळ केला असता त्यांनी."

भाऊ हसला, आणि बावखलावरचा पंप सुरू करायला गेला.