हमीदाबीनं आधीच काढून ठेवलेल्या अडीचच्या बांगड्या

आधी मी कोण ते सांगते, मग पुढचं वाचा. मी आशा कार्यकर्ती आहे. लेकराला जुलाब लागले असताना मीठ-मिरच्या ओवाळत बसणाऱ्या सासवांशी भर चौकात भांडलेली बाई आहे मी. करणी, बाहेरचं, लागीर... असल्या गोष्टींना कधी भीक घातली नाही, आजही घालत नाही. पण जे घडलं ते माझ्याच घरात, लख्ख उजेडात घडलं, आणि सगळं माझ्या या दोन हातांनी हाताळलंय. म्हणून लिहितेय. हसायचं तर हसा.

आमचं गाव केदारखेड्यापासून बाईकवर दहा मिनिटं. घरात सासूबाई, आम्ही दोघं, लेकरं, धाकटा दीर गजानन आणि त्याची बायको मीरा. गजानन जालन्याला एमआयडीसीत स्टीलच्या मिलमध्ये कामाला. मीरा म्हणजे नुसती काडी! सव्वादोनच्या बांगड्यासुद्धा तिच्या हातात कोपरापर्यंत घरंगळायच्या. मी चिडवायची, "अगं, जेवतेस का नुसतं ताटाकडं बघतेस?"

करोनाची लस आली ते वर्ष. गाव काही केल्या तयार होईना. पहिल्या कॅम्पला शाळेत नर्सबाई, मी आणि रिकाम्या खुर्च्या. नर्सबाई मला म्हणाल्या, "आशाताई, तुमच्या घरचे तरी कुठंयत?" असं झोंबलं मला ते! दुसऱ्या कॅम्पला सगळ्या घराला पुढं घातलं. सासूबाईंनी घेतली, नवऱ्यानं घेतली, मी तर घेतलेलीच होती. राहिली मीरा. सुईला फार भ्यायची ती.

शाळेच्या व्हरांड्यात बायका जमल्या म्हणून हमीदाबीही तिथंच पेटी उघडून बसली होती. हमीदाबी केदारखेड्याची, तीस वर्षं आमच्या गावात बांगड्या भरते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळं पंजा दाबूनच माप सांगते, आणि बराबर सांगते. मीराचं मन रमावं म्हणून मीच तिला म्हणाले, "जा, भरून घे तोवर."

हमीदाबीनं मीराचा हात हातात घेतला, पंजा दाबला... आणि इंगळी चावल्यासारखा सोडून दिला. परत घेतला. परत दाबला.

"ये हाथ सव्वादोन का नहीं रहा," ती म्हणाली. "हिला अडीच लागतील."

बायका खो-खो हसल्या. अडीच म्हणजे आमच्या सरपंचबाईंचं माप! मीराच्या हातातल्या जुन्या बांगड्या तर तेव्हाही वरखाली होत होत्या. मी म्हणाले, "खाला, मोतीबिंदू आता बोटांत उतरला का काय?"

ती हसली नाही. पेटीतून अडीचच्या हिरव्या डझनभर बांगड्या काढल्या, पेपरात गुंडाळल्या आणि माझ्या पिशवीत कोंबल्या. "रख ले. दहा-बारा दिवसांत लागतील. आणि हातातल्या आहेत त्या जल्दी काढ हिच्या, मंग निघणार न्हाईत."

मीराचा चेहरा एवढासा झाला. माझा पदर धरून म्हणाली, "ताई, आज नको ना. पुढच्या वेळी घेते, आईशप्पथ."

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "गप बस. माझ्याच घरची पळाली तर गाव घेईल का?" तिचा हात मीच धरला आणि नर्सबाईंनी सुई टोचली. हे नीट ऐका. तो हात मी धरला होता आणि तो नेहमीसारखाच होता... बारीक, हाडकुळा, गार. सूज नव्हती. रोज लोकांच्या पायांवर बोट दाबून सूज बघणारी बाई मी, मला कळलं नसतं का?

दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी सकाळी मीरा चुलीपाशी आली तर डोळ्यांच्या फटी राहिलेल्या. दुपारपर्यंत पाय, पोट, हात... सगळं फुगलं. बांगड्या मांसात रुतल्या. साबण लावला, तेल लावलं, हलेनात. बोटं काळीनिळी पडायला लागली तशी "फोडायलाच पाहिजेत" म्हणत मी फडकं गुंडाळून घाव घातला. सासूबाई ओरडल्या, "फोडायला न्हाई म्हणू गं, वाढवायला म्हण! वाढवायला!" एक काच मनगटात घुसली. आणि बघा, रक्त आलंच नाही आधी. पाणी आलं. स्वच्छ पाणी, थेंब थेंब गळत राहिलं.

"सवाष्णीचा हात रिकामा नको," सासूबाई रडत म्हणाल्या. "काय असतील त्या घाल."

घरात कुणाच्याच बांगड्या तिच्या हातात जाईनात. मग मला ती पुडी आठवली. कपाटातून काढली. तोपर्यंत विसरलेच होते हो मी, खरंच! अडीचच्या बाराही बांगड्या मीराच्या हातात सरसर गेल्या. ना सैल, ना घट्ट. मी पदर तोंडात कोंबून परसात पळाले.

तालुक्याला लघवी तपासली, आल्ब्युमिन फोर प्लस, म्हणजे लघवीला फेस यावा इतकी प्रथिनं त्यातून जात होती. तिथून थेट औरंगाबादला, आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं. किडनीच्या डॉक्टरांनी सुईनं किडनीचा कण काढून तपासायला पाठवला. म्हणाले, आजार दुर्मिळ आहे, मोठ्या माणसांत तर कमीच दिसतो. गंमत अशी की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ही किडनी अगदी निरोगी दिसते. दिसते निरोगी, आणि माणूस फुगत जातो.

गजाननानं विचारलं, "त्या लसीच्या सुईनंच झालं ना?"

डॉक्टर म्हणाले, "लसीनंतर असं झाल्याच्या फार थोड्या नोंदी आहेत. पण लस न घेताही हा आजार होतो. हिला कशामुळं झाला, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर गजानन माझ्याकडं न बघता बोलला, "वहिनी, ती नको म्हणून राह्यली होती. तुम्ही हात धरला तिचा." बास, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी हमीदाबीकडं गेले. भांडायलाच गेल्ते खरं तर. म्हणाले, "खाला, काय कळलं होतं तुला? सांग!" म्हातारी दाराआड सरकली. माझ्याहून जास्त भ्यालेली ती! म्हणाली, "अल्ला कसम, मला काय बी म्हाईत न्हाई. अंगठा आत गेला माझा, ओल्या मातीत जावा तसा. दहा-बारा दिन मैं क्यों बोली, मेरेकू भी नहीं मालूम." त्या दिवसापासून तिनं बांगड्या भरणं सोडलं. पेटी सुनेकडं दिली.

स्टिरॉइडनं मीराची सूज उतरली. पण गोळ्या कमी केल्या की परत चढते, दोनदा झालं. रोज सकाळी मी तिचे डोळे बघते, मग चहा घेते. लसीचं काम मी सोडलेलं नाही. बाकी ज्यांना टोचलं ते सगळे धडधाकट हिंडतायत, आणि लस नसल्यानं गेलेली माणसंही मी बघितलीत. पण बाईचा हात धरायची वेळ आली की आधी तो अंगठ्यानं दाबून बघते.

मध्यंतरी मीरा आणि मी तूर निवडत बसलो होतो. ती हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? सुईच्या दोन दिवस आधीपासूनच लघवीला फेस येत होता. भिऊन बोलले न्हाई मी." मी सूप टाकून ढसाढसा रडले. वाटलं, सुटले! आजार आधीचाच होता, आणि म्हातारीच्या बोटांना तो कळला. पण मग बांगड्या सैल कशा होत्या? माझ्या हाताला का नाही लागलं काही? आणि म्हातारीनं सांगितलेल्या दहा-बारा दिवसांचं काय?

तेही असो. गेल्या महिन्यात परत विषय निघाला, तर मीरा म्हणाली, आठ दिवस आधीपासून फेस होता. परवा गजानन मला काहीतरी टोचून बोलला, तशी ती मध्ये पडली आणि म्हणाली, महिनाभर आधीपासून होता.

खरं काय ते एका मीरालाच माहीत. आणि तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.