जरा नीट कपड्यांत या!

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलेल्या कपड्यांसारखे ते नुसते साठत जातात, आणि एखाद्या दिवशी दार उघडलं की धाडकन अंगावर येतात.

परवा तसंच झालं. बोरिवलीला एका लग्नात आमची रंजना भेटली. आम्ही दोघी आइस्क्रीमच्या प्लेटी घेऊन उभ्या होतो. समोरून एक पोरगी गेली. अंगात आजोबांचा वाटावा असा ढगळ कोट, खाली पॅन्ट आणि नाकात भलीमोठी नथ! मागून तिची आई, "अगं, लोक बघतायत!"

रंजना मला म्हणाली, "बघू देत की! आपल्याला काय कमी बघितलं?"

झालं! आइस्क्रीम राहिलं बाजूला आणि आम्ही दोघी थेट मरोळला पोचलो.

ऐंशीचं दशक होतं. गिरण्यांचा संप होऊन गेला होता. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका कंपनीत आम्ही रेडिओचे पार्ट सोल्डर करायचो. आम्ही म्हणजे मी, घाटकोपरची रंजना आणि कांदिवलीची शैला तांबे. तिघी टेम्पररी. पण शैलाची गोष्ट वेगळी होती. तिचे आईवडील दोघंही गिरणीत होते आणि संपात दोघंही घरी बसले. घर चालायचं ते हिच्या पगारावर. ही पर्मनंट झाली नाही तर चूल कशी पेटणार, हा प्रश्न त्या घरात रोज सकाळी चहाबरोबर यायचा.

आणि अशा घरातल्या या बयेला कपड्यांचं वेड! पैसे नव्हते म्हणून वेड कमी होतं असं थोडंच आहे? रद्दीवाल्याकडची परदेशी मासिकं चाळायची, जुने कपडे उसवायचे, पुन्हा शिवायचे. ती म्हणायची, "सगळ्यांसारखंच दिसायचं तर मग घरात आरसा कशाला पाहिजे?"

पर्मनंट कुणाला करायचं ते आमच्या पर्सोनेल मॅनेजरच्या, म्हणजे वर्तक साहेबांच्या हातात. त्यांनी शैलाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "काम चांगलं आहे तुमचं. पण पर्मनंट व्हायचं असेल तर जरा नीट कपड्यांत या. साडी नेसा."

आता गंमत बघा, कामावर आम्ही सगळ्या गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कंपनीचा निळा कोट घालायचो. आत साडी आहे की पोतं, कुणाला दिसतंय? शैला बाहेर आली ती तणतणत. "सोल्डरिंग काय पदराने करतात काय गं?"

*

शैलाच्या चाळीत दुपारी बोहारीण यायची. जुने कपडे द्यायचे, स्टीलची भांडी घ्यायची आणि मधला तासभर भांडायचं, ही सगळीकडचीच पद्धत. एका रविवारी शैलाच्या आईने वडलांच्या दोन पॅन्टी आणि एक साडी देऊन छान पातेलं मिळवलं. जिंकल्यासारखी ती आत चहा ठेवायला गेली.

इकडे शैलाची नजर बोहारणीच्या गाठोड्यावर. त्यातून एक बाही लोंबत होती. ओढून काढलं तर पुरुषी कोट! राखाडी, चकाकतं कापड, बारीक कॉलर, आतून तांबडं साटीन. कुणातरी शौकिनाने वीसपंचवीस वर्षांपूर्वी हौसेने शिवून घेतलेला असणार.

शैलाने आईचं कोरं पातेलं उचललं आणि बोहारणीपुढे ठेवलं. "हे घ्या, तो द्या."

बोहारीण बघतच राहिली. "भांडं देऊन कपडा? अगं, उलटं चाललंय तुझं! माझ्या आजीच्या जन्मात असं कुणी केलं नाही!"

"मग तुम्ही नातवंडांना सांगा."

आई चहा घेऊन बाहेर आली तोवर पातेलं गल्लीच्या टोकाला पोचलं होतं आणि लेक कोट घालून आरशासमोर उभी! आईने कपाळावर हात मारला. "आता भात त्या कोटात रांधतलंस?"

त्यानंतर बोहारीण गल्लीत शिरली की पहिली हाक भांड्यांची नसायची. ती ओरडायची, "शैलाऽऽ! तुझा माल बाजूला ठेवलाय गं!"

*

मग आले खांदे. परदेशी मासिकांत सगळ्या बायकांचे खांदे पैलवानासारखे रुंद दिसायचे. शैलाने ठरवलं, आपल्यालाही पाहिजेत. घरची एक उशी फाडली, कापसाच्या दोन गाद्या शिवल्या आणि त्या कोटाच्या खांद्यांत बसवल्या. दारातून तिरकं शिरावं लागेल इतकी ती रुंद झाली!

आमच्या कंपनीत सुटताना झडती व्हायची. बारीक पार्ट कुणी लपवून नेऊ नयेत म्हणून गेटवर शेवंताबाई नावाच्या गार्ड असायच्या. त्या दिवशी त्यांचा हात शैलाच्या खांद्यावर पडला आणि तिथेच थांबला. त्यांनी दाबलं. मऊ लागलं. पुन्हा दाबलं.

"काय लपवलंय गं?"

"काही नाही. फॅशन आहे."

"फॅशन? एवढी? काढ कोट!"

मागे लाइन लागलेली. बायका टाचा उंचावून बघतायत. वर्तक साहेबही नेमके त्याच वेळी खाली उतरले. शेवंताबाईंनी कात्री मागवली, शिवण उसवली आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही खांद्यांतून कापूस ओढून काढला. पार्ट कुठला निघणार? कापसाचे दोन पुंजके तेवढे उडाले.

शैलाचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता रडते. पण तिने तो कापूस शांतपणे गोळा केला आणि वर्तक साहेबांकडे बघून म्हणाली, "मोजून घ्या साहेब. हे खांदे माझे आहेत, कंपनीचे नाहीत!"

पुढच्या आठवड्यात शेवंताबाईंनी तिला गेटवर बाजूला घेतलं. मला वाटलं, पुन्हा झडती. तर त्या हळूच विचारत होत्या, "मला पण करून देशील गं? माझे फार उतरते आहेत."

*

रंजनाचे बाबा एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. पण घरून निघताना पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट आणि टाय! वर्कशॉपमध्ये पोचले की टाय काढून घडी करायची, मळके कपडे चढवायचे. सुटताना हातपाय धुवायचे आणि पुन्हा टाय. रविवारी घरीसुद्धा टाय.

एकदा आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. शैलाने सरळ विचारलं, "काका, तुम्ही रोज टाय का लावता?"

काका भाकरी मोडता मोडता थांबले. "माझ्या बापाला गावात कोरं धोतर नेसून रस्त्याने जाता येत नव्हतं. नवं धोतर आणलं तर आधी त्याला चिखल लावायला लागायचा. मगच नेसायचं. म्हणून मी टाय लावतो. कुणाच्या डोळ्यांत खुपत असेल तर खुपू दे."

तोवर मी कपडे म्हणजे नखरे समजत होते. त्या माणसाकडे बघून मला भरून आलं आणि त्या कुठल्याशा गावाचा मनापासून राग आला. तो अजून गेलेला नाही.

थोड्या वेळाने शैला म्हणाली, "काका, मला बांधायला शिकवा."

काकांनी आम्हा तिघींनाही शिकवलं. प्रत्येकीला एकेक जुनी टायही दिली. वर ताकीद दिली, "सैल बांधायची नाही. सैल टाय म्हणजे माफी मागितल्यासारखी दिसते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पंजाबी ड्रेसवर टाय लावून हजर! वर्तक साहेब जिन्यातच आडवे आले. ते स्वतः टाय लावायचे, त्यामुळे त्यांना ते जास्तच झोंबलं असावं. "हा काय तमाशा? तुम्हाला पर्मनंट व्हायचंय की नाही?"

आमची रंजना तशी गरीब गाय. वर्षभरात ती साहेबांशी एक वाक्य बोलली नव्हती. पण त्या दिवशी तिने त्यांच्या गळ्याकडे नीट निरखून बघितलं.

"साहेब, तुमची जरा सैल आहे."

*

आता माझा किस्सा. मी तेव्हा केस कापून अगदी बारीक बॉयकट केला होता. नेमकं त्याच महिन्यात मला बघायला पाहुणे आले! आईने दादरहून गंगावन आणलं. तुम्हाला माहीत असेलच, खोटी वेणी. ते पिना मारमारून माझ्या डोक्याला जोडलं. एवढंसं डोकं आणि त्याला गुडघ्यापर्यंतचा शेपटा!

पोहे झाले, शिक्षण झालं, "स्वयंपाक येतो का" झालं. मग मुलाची आई म्हणाली, "जरा पाठमोरी उभी राहतेस? केस बघू दे."

माझी आई देवाकडे बघायला लागली. मी उभी राहिले. बाईंनी वेणी हातात घेतली, तोलली, बोटांनी चाचपली. भाजीवाल्याकडे पडवळ निवडतात ना, अगदी तसं! माझ्या डोक्यात सणक गेली. मी एकेक पीन काढली, आख्खं गंगावन सोडवलं आणि पोह्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं.

"नीट बघा काकू. पसंत असेल तर घेऊन जा. मी इथेच राहते."

मुलगा खो खो हसला. मला तो आवडलाही होता खरं तर. पण त्याची आई उठली, त्यामुळे त्यालाही उठावं लागलं. जाऊ दे! आईच्या मागोमाग उठणाऱ्याला घेऊन मी काय केलं असतं?

*

कंपनीचं गॅदरिंग अंधेरीच्या एका हॉलमध्ये होतं. आमच्या आयटमचं नाव होतं 'सन दोन हजार'. त्या साली बायका काय घालतील? अकाउंट्सवाले म्हणाले, काही नाही, साडीच! शैला म्हणाली, "दोन हजार साली बाई चकाकणार. लांबूनच कळलं पाहिजे, कुणीतरी येतंय!"

पण चंदेरी कापड आणायचं कुठून? तिच्या घरी माळ्यावर गणपतीचं मखर होतं. त्याचं चंदेरी कापड हिने उतरवलं, थर्मोकोलची कॉलर कापली आणि वरपासून खालपर्यंत एकसंध सूट शिवला. आई किंचाळली, "गो, देवाचा कापड अंगावर घालतंस?"

"देवान वापरून झाला मा? मगे ता पण सेकंड हॅन्डच!"

गॅदरिंगला आई पहिल्या रांगेत बसली होती, तोंड फुगवून. स्टेजवर अंधार झाला. मग एकच मोठा दिवा लागला आणि त्या उजेडात शैला सावकाश पुढे आली. नखशिखांत चंदेरी, डोक्यामागे कानापेक्षा उंच कॉलर, हात कमरेवर.

आणि पहिल्या रांगेत शैलाच्या आईने नकळत हात जोडले!

*

शेवटी पर्मनंटच्या मुलाखती लागल्या. वर्तक साहेबांबरोबर हेड ऑफिसचे मोठे साहेबही बसणार होते. वर्तक साहेबांनी आधीच बजावून ठेवलं, "तांबे, ही शेवटची संधी. नीट साडी नेसून या. नाहीतर येऊच नका."

या वेळी शैलाची आई रडली. ती कधी रडायची नाही, ओरडायची. "एक दिस नेस गो बाये. एकाच दिसाचो प्रश्न आसा." वडील कोपऱ्यात बसून होते. शेवटी शैला म्हणाली, "नेसते. पण साडी तू काढायची. आणि तूच नेसवायची."

आईने ट्रंक उघडली.

मुलाखतीच्या दिवशी मी आणि रंजना शहाण्यासारख्या पाचवारीत होतो, जागोजागी पिना टोचून घेतलेल्या. गेटकडे बघतो तर शैला येतेय नऊवारीत! जाडंभरडं हिरवं लुगडं, धुऊन धुऊन विटलेलं. कासोटा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. आम्ही निऱ्या सांभाळत जिना चढतोय तोवर ही ढांगा टाकत वर पोचलीसुद्धा!

तिचाच नंबर पहिला. दार अर्धवट उघडं राहिलं, त्यामुळे आम्हाला बाहेर सगळं ऐकू येत होतं.

वर्तक साहेब म्हणाले, "तांबे, हे काय? फॅन्सी ड्रेस आहे का इथे?"

"साडी आहे साहेब."

"अहो, साडी म्हणजे नीट साडी सांगितली होती!"

"माझ्या आईची आहे. हीच नेसून ती गिरणीत मशीनवर उभी राहायची. गिरणीजवळची खोली सोडून कांदिवलीला आल्यावर तिने नेसणं सोडलं. आज सकाळी तिनेच मला नेसवली. ही कामाची साडी आहे साहेब. तुम्हाला कसली हवी होती?"

रंजनाने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी दाराच्या फटीतून बघितलं. मोठ्या साहेबांनी वर्तक साहेबांच्या पुढ्यातला कागद स्वतःकडे ओढला होता आणि ते सही करत होते.

सही झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून शैलाकडे बघितलं.

"उद्या काय घालून येणार?"

शैलाने पदर आणखी घट्ट खोचला.

"ते उद्या सकाळी ठरवीन, साहेब."