बरोबरच्या पुढची जागा

शिरूर कासारला आमच्या घरी गणित वहीत नाही, अंगणात सुटायचं. कातरवेळी दादा, म्हणजे माझे वडील, चुलीतला विझलेला कोळसा घेऊन उकिडवे बसायचे आणि मी पुस्तकातलं उदाहरण मोठ्यानं वाचायचे. शेजारी माय माझं बघून आकडे गिरवायची. शाळेत ती कधी गेलीच नव्हती. तिचा एकचा आकडा नेहमी एका बाजूला कलायचा. त्या अर्धवट उजेडात आकडे सारवलेल्या जमिनीतून आपोआप वर येताहेत असं मला वाटायचं, आणि उत्तर चुकलं तरी कुणाला घाई नसायची.

काळ-काम-वेगाचं गणित आलं की मात्र दादा अडायचे. एक माणूस एकटा अमुक काम करतो, हेच त्यांना पटायचं नाही.

"एकटा कसा करील? एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, असंच धरतेत."

पुस्तक लिहिणाऱ्यानं उसाचा फड पाहिलाच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. माय तोंडाला पदर लावून हसायची.

दिवाळी सरली की दोघं ऊसतोडीला जायचे आणि मी आजोबांपाशी राहायचे. सातवीच्या वर्षी मला माय घरी हवी होती, बाकी काही नको. हट्टी तर मी होतेच. जायच्या आदल्या संध्याकाळी मी दादांच्या हातातला कोळसा घेतला आणि अंगणात मोठ्ठं लिहिलं: दोन वजा एक बरोबर.

"दोनातला एक घरी राहिला, तर एक जातो का न्हाई? मग मायला काहून नेता?"

दादा त्या आकड्यांवर वाकले.

"एक न्हाई उरत, बाई. अर्धा कोयता उरतो. अर्ध्याला आपल्या टोळीत कुणी घेत न्हाई."

माय उठून चुलीकडे गेली. मला इतका राग आला की मी उत्तर लिहिलंच नाही. कोळसा तिथंच टाकला आणि जाऊन झोपले.

सकाळी ट्रॅक्टर आला. गोधड्या, भांडी, माणसं वर चढली. धूळ खाली बसेपर्यंत मी रस्त्यात उभी होते, झोपेत असल्यासारखी. मग अंगणात आले. बरोबरच्या पुढं एक लिहिलेला होता, एका बाजूला कललेला.