सुपामागचा चेहरा

आक्काच्या ओठाच्या कडेला कोडाचा डाग होता, रुपयाएवढा. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमच्या अंथुर्णे गावात त्या डागाचं कुणाला काही वाटत नसे. ती अंगणवाडीत शिकवायची. पोरं तिच्या मांडीवर बसून त्या डागावर बोट ठेवायची आणि विचारायची, "बाई, हितं दूध सांडलंय का?" ती म्हणायची, "व्हय, पुसायचं राहिलं." मग सगळी हसायची, तीही.

तिच्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला इंदापूरला फोटो काढायला नेलं. फोटोवाल्यानं कुणाला न विचारता निगेटिव्हवर हात फिरवला आणि डाग घालवून टाकला. फोटो इतका झकास आला की पंधरा दिवसांत पाहुणे दारात हजर. आक्का पोहे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग पिशवीतून फोटो काढून त्याच्याकडं पाहिलं. फोटो ओट्यावर ठेवून सगळे उठले. पोह्यांना कुणी हात लावला नाही. आक्कानं तो फोटो फाडून चुलीत घातला आणि त्यानंतर ती कधीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. लग्नाकार्यात फोटोवाला दिसला की तिला नेमकं आत काहीतरी काम निघायचं.

मी तेव्हा पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात होतो. नव्वद साल उलटून गेलं होतं आणि आमच्या वर्गात अर्थाची साथ आली होती. नुसता माणूस काढला तर सर विचारायचे, "हा कशाचं प्रतीक आहे?" माणूस माणसाचंच प्रतीक असू शकतो, असं म्हणायची आमची छाती नव्हती. मग आम्ही खुर्ची काढायचो, ती सत्ता. पिंजरा काढायचो, ते मन. उघडं दार काढलं की मात्र ज्याला जो हवा तो अर्थ. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं आमच्याकडं म्हणतात. ते फसवणं रीतसर शिकायला मी पुण्याला गेलो होतो, असं आता वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आलो तेव्हा आक्कानंच विषय काढला.

"माझं चित्र काढ की रं."

जी बाई फोटोला उभी राहत नाही ती चित्राला बसणार?

"डागासकट काढ," ती म्हणाली. "हाय तशी. त्या फोटोवाल्यानं मला खोटी केली. तू तसं करू नगंस."

तीन आठवडे ती रोज दुपारी बसली. मागच्या पडवीत, मोरपंखी साडी नेसून, मांडीवर सूप घेऊन. सूप मी मागितलं होतं. नुसती बाई काढून चालणार नव्हतं ना! ती अगदी ताठ बसायची आणि मध्येच विचारायची, "पापणी हलवली तर चालंल का तुज्या कॉलेजात?" मी साडी रंगवली. बांगड्या रंगवल्या. मेथी आणि कागदाच्या लगद्यानं सारवलेलं ते सूप तर असं रंगवलं की हात लावून बघावं. मागच्या भिंतीचे पोपडेसुद्धा सोडले नाहीत. चेहरा तेवढा राहिला होता.

चेहऱ्याची मला भीती वाटत होती. डाग काढला तर लोक आधी डागच बघणार. नाही काढला तर मी त्या इंदापूरच्या फोटोवाल्याच्या पंक्तीला बसणार. रोज सकाळी ठरवायचो, आज चेहरा. रोज दुपारी परत बांगड्या रंगवायला घ्यायचो.

एका दुपारी तिनं कोंडा झाडायला सूप वर उचललं. चेहरा पूर्ण झाकला गेला. मी म्हणालो, "अशीच थांब!"

सुपामागून तिचा आवाज आला, "आरं, तोंड दिसंना की माझं."

"नंतर काढतो," मी म्हणालो.

चित्र घेऊन मी पुण्याला गेलो. सर बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. अर्थ मला तिथं सापडला. आधी भीती होती, अर्थ मागून आला, ही कबुली मी तेव्हा कुणालाच दिली नाही, स्वतःलाही नाही.

फेब्रुवारीत आम्ही मुलांनी बारामतीत एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. आबा आले. आक्का आली, तीच मोरपंखी साडी नेसून, आणि तिनं अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनाही बरोबर आणलं होतं. "माझं चित्र लागलंय बारामतीत," असं तिनं त्यांना सांगितलं होतं. मी दाराशी होतो. दोघी चित्रासमोर जाऊन थांबल्या. मदतनीस बाईंनी चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ह्यात तुमी कुठं हाय, बाई?"

आक्का म्हणाली, "साडी माझी हाय."

तिथं मी तिच्याजवळ जायला हवं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी मला चित्राबद्दल बोलायला पुढं बोलावलं आणि मी बोललो. काय बोललो! सूप म्हणजे समाज, तो बाईला पाखडत राहतो, आणि हिला चेहरा नाही कारण ही कुणी एक बाई नाही, ही सगळ्याच बाया आहे. टाळ्या पडल्या. आबा टाळ्या वाजवताना सगळ्यांकडं बघत होते. आक्का खुर्चीवर बसली होती, तिचे हात मांडीवर होते.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. भवानीनगर मागं पडलं. मग ती बाहेर बघतच म्हणाली, "सगळ्या बायांस्नी कोड नसतंय."

"पुढचं चित्र तुझ्या चेहऱ्याचं काढतो, आक्का."

"नगं आता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, रडलो असतो, काहीतरी झालं असतं. तिनं पिशवीतून शेंगा काढल्या आणि अर्ध्या मला दिल्या.

पुढच्या पावसाळ्यात आक्का काविळीनं गेली. आठ दिवसांत. तिला बारामतीला दवाखान्यात नेल्याचं मला कळलं, मी पुण्याहून निघालो आणि पोचलो तेव्हा तिला घरी आणलेलं होतं. तोंडावरून पदर ओढलेला होता. कुणीतरी म्हणालं, "बघायचं का?" मी नकारार्थी मान हलवली. मला बघवणार नव्हतं. माझ्या आयुष्यात मी तिच्या तोंडाकडं बघायची संधी अशी दुसऱ्यांदा घालवली.

आमच्यात तेरावं घालत नाहीत, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. टेबलावर पांढरं कापड, बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, फुलं आणि गेलेल्या माणसाचा फोटो. फोटो नव्हता. आबांनी पेट्या उपसल्या, पाहुण्यांकडं निरोप धाडले, लग्नांचे अल्बम मागवले. कुठंच आक्का नव्हती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रदर्शनानंतर घरी आणून भिंतीवर लावलेलं माझं चित्र खाली घेतलं, टॉवेलनं पुसलं आणि माझ्यासमोर आणून ठेवलं.

"ते सूप तेवढं घालवता येतंय का बघ."

मला आधी कळलंच नाही.

"खाली तोंड असंलच की," आबा म्हणाले. "आधी माणूस काढत असशील, मग वरनं सूप. ती म्हणायची, तोंड नंतर काढणार हाय त्यो. काढलं असशील ना?"

भिंतीचा नवा चुना खरवडला की खालचा जुना निघतो, तसं ते त्यांना वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मी म्हणालो, "बघतो."

पडवीत बसून मी सूप खरवडलं. रंग वाळून घट्ट झाला होता. सुरीनं आणि टर्पेंटाइनच्या बोळ्यानं वीतभर जागा मोकळी केली. खाली काय असणार? कॅनव्हासचं तपकिरी अस्तर. मग मी तिथंच तिचा चेहरा काढायला घेतला. कपाळ आलं. डोळे आले, पापणी हलवायची परवानगी मागणारे. नाक आलं. ओठ आले. ब्रशवर पांढरा रंग घेतला आणि हात थांबला.

डाग डावीकडं होता का उजवीकडं?

मी डोळे मिटले. पोराचं इवलंसं बोट दिसलं, दूध सांडलंय का ते ऐकू आलं, बाजू काही दिसेना. डागाकडं बघायचं नाही म्हणून तीन आठवडे मी तिच्या तोंडाकडंच बघितलं नव्हतं.

आई आत उद्याचे तांदूळ निवडत होती. तसाच ब्रश हातात घेऊन मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि विचारलं.

आईनं मान वर केली. मग तिनं स्वतःच्या ओठाच्या डाव्या कडेला बोट टेकवलं.

"तीन आठवडं तुज्या म्होरं बसली हुती की रं ती," ती म्हणाली.