नजीरचाचांची गाठ

अमळनेरच्या बाजारात नजीरचाचांचं गाद्यांचं दुकान आहे. कंबर धरली आणि डॉक्टरांनी खाली बसायची बंदी केली, तेव्हा टाके घालायचं काम त्यांनी नाइलाजाने पुतण्याकडे, अरशदकडे सोपवलं. सोपवलं ते फक्त तोंडाने! अरशद जेवायला घरी गेला की चाचा कण्हत खाली बसायचे, त्याचे टाके उसवायचे आणि स्वतः नवे घालायचे. दोन पोरांचा बाप झाला तरी या गाढवाला सुई धरता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

परवा लीलाधर नाना नवी गादी रिक्षात घालून परत घेऊन आले. आत कापसाचे गोळे झाले होते. चाचा भर दुकानात अरशदवर तुटून पडले.

"दुकानाला बट्टा लावलास! उद्यापासून सुईला हात लावायचा नाही!"

अरशदने गादी उलटी केली आणि कोपऱ्यातल्या दुहेरी गाठीवर बोट ठेवलं. तशी गाठ फक्त चाचाच मारायचे.

"उसवलेले दोरे रोज मीच झाडतो, चाचा. मी शिवलेली एक तरी गादी या दुकानातून बाहेर गेलीय का?"

त्याने सुई त्यांच्यापुढे फेकली आणि चपला घातल्या.